जैसे थे

संकटात मनुष्याची पारख होते, असे नीतिग्रंथ सांगत असले तरी दिग्रसमध्ये पारख होते ती संकटग्रस्ताची नव्हे, तर त्याच्या समाचारास येणाऱ्या मंडळींची. आणि या कसोटीस कोणी उतरला नाही, असे आजवर ऐकिवात नाही. कोणाचा बैल बसला, कोणाच्या विहिरीवरची मोटार पाणी ओढीनाशी झाली किंवा कोणाच्या मुलाचे जुळत आलेले लग्न मोडले, की घटकाभरात त्याच्या ओसरीवर इतके जाणकार गोळा होतात, की आपल्याकडे आले आहे ते अरिष्ट आहे की अधिवेशन, असा संभ्रम त्या गृहस्थास पडावा. या मंडळींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ती सर्व परोपकारी, निरपेक्ष आणि चहावर संतुष्ट होणारी असतात. त्यांच्यात न्यून असलेच तर ते इतकेच, की काहीएक न करणे हाही एखाद्या व्याधीवरचा उपाय असू शकतो, ही गोष्ट त्यांच्या बुद्धीस पटत नाही. तहसील कचेरीत अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर हयात घालवलेल्या माझ्यासारख्यास ती पटवून द्यावी लागत नाही. किंबहुना काहीएक न करण्याचे शास्त्र ज्या मोजक्या ठिकाणी परंपरेने आणि विधिपूर्वक शिकवले जाते, त्यांपैकी ती कचेरी एक होय. मात्र त्या शास्त्राचा उपयोग सेवानिवृत्तीनंतर, आणि तोही संगणकाच्या कामी व्हावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

आमच्या माजघरात, ज्या कोनाड्यात पूर्वी ज्वारीची कणगी असे, तेथे हल्ली एक काळी पेटी असते. पुण्यास नोकरीस असलेल्या चिरंजीवांनी एका दिवाळीच्या सुटीत ती सुटे भाग आणून स्वहस्ते जुळवली, आणि ‘घरचा सर्व्हर’ या नावाने तिची स्थापना केली. घरातल्या चार पिढ्यांची छायाचित्रे, लग्नामुंजींची चित्रणे, शेताच्या सातबाऱ्याच्या आणि फेरफारांच्या नकला, सौ.च्या रक्त-लघवी तपासण्यांचे कागद आणि आत्याबाईंच्या भजनांचे ध्वनिमुद्रण असा यच्चयावत ऐवज तिच्या स्वाधीन करण्यात आला. दूरदेशीच्या एखाद्या कंपनीच्या वखारीत आपले कागद ठेवून तिला दरमहा भाडे देत बसण्यापेक्षा ते आपल्याच छपराखाली असावेत, हा चिरंजीवांचा विचार मला पसंत पडला. कारण मालकी आणि वहिवाट यांतील भेद वऱ्हाडच्या माणसास शिकवावा लागत नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, १९०२ च्या कराराने हा प्रांत सालीना २५ लाख रुपये खंडाने कायमचा त्यांच्याकडे राहिला, आणि तरीही त्याचे स्वामी हैदराबादचे निजामच, हे कागदोपत्री उभयपक्षी मान्य होते. १९३६ साली तर निजामाच्या वारसास ‘वऱ्हाडचे युवराज’ असा भारदस्त किताबही मिळाला. केवळ वऱ्हाडात त्यांनी करावयाचे असे काही शिल्लक नव्हते. आमची पेटी पुढे ज्या दिवशी रुसली, त्या दिवशी मला त्या युवराजांच्या मनःस्थितीची यथार्थ कल्पना आली. मालमत्ता आपली, किताब आपला, आणि आत पाऊल टाकण्याची सोय नाही.

पेटीचे अंतरंग समजण्यास मला विलंब लागला नाही, कारण तिची रचना हुबेहूब कचेरीची आहे. तिच्यात चार मोठ्या हार्ड डिस्क आहेत; ते झाले अभिलेखांचे दालन. त्यांवाचून आणखी एक चिमुकली डिस्क निराळी आहे, जिच्यावर घरचा एकही कागद नसून केवळ सकाळी कचेरी उघडावी कशी, एवढेच ज्ञान नोंदवलेले आहे; हा झाला किल्ल्यांचा जुडगा बाळगणारा शिपाई. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क विक्रीस काढली, तेव्हा चोवीस इंची पन्नास तबकड्यांच्या त्या अजस्र यंत्रात अवघी पन्नास लाख अक्षरे मावत. म्हणजे हल्लीच्या मोबाइलने काढलेले एखाद-दुसरे छायाचित्रच त्यात जेमतेम बसते. आमच्या दालनात लक्षावधी छायाचित्रांची सोय असून त्यांपैकी बहुसंख्य छायाचित्रे धाकट्या नातवाने स्वतःच्या अंगठ्याची काढलेली आहेत, हे प्रगतीचे माप मानावयास हरकत नाही.

या चार डिस्क परस्परांशी पंचांच्या नात्याने बांधलेल्या आहेत. १९८८ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहून असे दाखवले, की एकाच महागड्या डिस्कवर विसंबण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्कांना एकत्र गुंफावे आणि त्यांच्या नोंदी अशा हिशेबाने ठेवाव्यात, की त्यांतील एक दगावली तरी उरलेल्यांच्या जबान्यांवरून तिची जबानी अक्षरशः पुन्हा उभी करता यावी. ही व्यवस्था उत्तम आहे. मात्र अधिकारी माणसाने एखादा कागद फाडण्याचा हुकूम दिला, तर चारही पंच तो एकमताने आणि तत्परतेने फाडतात. म्हणून पंच पुष्कळ आहेत एवढ्यावरून दुसरी नक्कल करण्याचे टाळू नये, असा इशारा या विषयातले जाणते कायम देत असतात.

वैशाखातल्या एका दुपारी, पारा चव्वेचाळीस अंशांवर असताना, आमच्या गल्लीतील वीज गेली. इन्व्हर्टरने कूलर ओढता ओढता काही वेळाने मान टाकली, आणि त्याच्याच आश्रयाने चालणारी पेटीही शांत झाली. संध्याकाळी वीज आली. पंखे फिरू लागले, फ्रीज गुरगुरला, पेटीवरचा हिरवा दिवाही यथापूर्व लुकलुकू लागला. परंतु टीव्हीवर छायाचित्रे उमटेनात, आत्याबाईंचे भजन लागेना, आणि मोबाइलवरून हाक मारावी तर पेटी ओ देईना. तिचा श्वास चालू होता, ओळख तेवढी उरली नव्हती.

चिरंजीवांस फोन लावला. ते कामात होते. तरी त्यांनी तेवढ्यात एक गोष्ट तीनदा बजावली. “बाबा, काहीच करू नका. कशाला हात लावू नका, कोणाला लावू देऊ नका. मी रात्री निवांत फोन करतो.” त्यांनी दिलेले कारणही ग्राह्य होते. डिस्कवरचा मजकूर गेला असे जेव्हा वाटते, तेव्हा पुष्कळदा तो जागच्या जागी असतो आणि केवळ त्याची सूची किंवा त्याच्यापर्यंत नेणारी वाट हरवलेली असते. परंतु घाबऱ्या माणसाने त्याच जागेवर नवे काही लिहिले, की जुने कायमचे जाते. यंत्राच्या बिघाडाने जितकी दप्तरे बुडत असतील, त्यांहून अधिक ती वाचवणाऱ्यांच्या उत्साहाने बुडत असावीत, असा माझा कचेरीतील अनुभवही सांगत होता. तेव्हा मी एक कोरा कागद घेतला, वर तारीख घातली, आणि सुवाच्य अक्षरांत लिहिले: ‘सबब, पुढील हुकूम होईपर्यंत माजघर येथील काळी पेटी, तिच्या तारा व दिव्यासह, जैसे थे स्थितीत ठेवण्यात यावी. या हुकुमाची अवज्ञा करणाऱ्यास चहा मिळणार नाही.’ खाली सही केली, आणि तो कागद पेटीवर डकवला.

वीज आल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांतच पहिले जाणकार आले. ते विजेच्या कामाचे कंत्राटदार असल्यामुळे निदान त्यांनी सोबतच आणले होते. “काकाजी, हे व्होल्टेजनंच गेलं. स्टॅबिलायझर बसवा म्हनून मी तुमाले कवाचा सांगून रायलो.” संशयितांच्या यादीत वीज अग्रस्थानी होती हे खरे; परंतु खून झाल्याच्या वेळी घरात हजर असलेला प्रत्येक इसम खुनी नसतो, एवढे बोलून मी त्यांची फिर्याद दाखल करून घेतली व पुढील तारीख दिली.

त्यांच्या पाठोपाठ बसस्थानकासमोर मोबाइल दुरुस्तीचे दुकान असलेला तरुण आला. हा मुलगा गुणी आहे, आणि त्याची उपचारपद्धती निःसंदिग्ध आहे. “फॉरमॅट मारतो अन् विंडोज टाकून देतो, काकाजी. अर्ध्या घंट्यात नवी कोरी.” मी विचारले, “आणि आतले कागद?” तो प्रांजळपणे म्हणाला, “ते जाईन. पन मशीन एकदम मक्खन चालन.” कागदपत्रे नाहीशी केली असता कचेरीचे काम सुरळीत चालते, हा सिद्धान्त मला अपरिचित नव्हता; तथापि सेवेत असताना तो इतक्या उघडपणे मांडण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणास झाले नव्हते.

दारव्ह्याहून आलेल्या मेहुण्यांचा उपाय सर्वांत शीतल होता. “भाऊजी, डिस्का काढा, पिशवीत बांधा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी चालतात.” हा उपचार त्यांनी स्वतः कल्पिलेला नाही, जुन्या डिस्कांचे अडकलेले भाग थंडीने आकुंचन पावून सुटतात, या समजुतीने तो एके काळी जगभर केला जात असे. परंतु डिस्कचे वाचणारे टोक मिनिटाला पाच-सात हजार वेळा फिरणाऱ्या तबकडीवरून काही नॅनोमीटर अंतराने तरंगत असते, आणि वैशाखातल्या दिग्रसमध्ये फ्रीजबाहेर काढलेल्या वस्तूवर क्षणार्धात दव धरते. तेव्हा या दोन गोष्टींची गाठ पडू न देणेच शहाणपणाचे. माझा हा युक्तिवाद मेहुण्यांस मान्य झाला नाही. सौ.चा झाला. “आमरसाच्या पातेल्याशेजारी ते लोखंड ठेवायचं नाही,” एवढ्या एका वाक्यात तिने तो अर्ज खर्चासह फेटाळला.

आत्याबाईंनी घंटीबाबांच्या मंदिरात नारळ फोडण्याची परवानगी मागितली. आलेल्या सर्व अर्जांत हा एकच अर्ज असा होता, की ज्यात डिस्कला स्पर्श करण्याची तजवीज नव्हती. सबब तो तत्काळ मंजूर झाला.

खरा भंग झाला तो दुसऱ्या दिवशी, मी वामकुक्षी करीत असताना. चिरंजीवांना त्या रात्री कामातून सवड मिळाली नव्हती, आणि मुदतवाढ घेऊन त्यांनी प्रकरण दुसऱ्या रात्रीवर नेले होते. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आपल्या गावास येणार म्हणून इतकी वर्षे वाट पाहणाऱ्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याचा वर्धा ते कळंब एवढा पहिला तुकडा सुरू झाल्याचे वाचून संतोष पावलेल्या दिग्रसकरास एका रात्रीची मुदतवाढ जड वाटण्याचे कारण नव्हते. परंतु महाविद्यालयात शिकणाऱ्या भाच्यास ती जड वाटली. मी जागा होऊन माजघरात आलो, तो त्याने पेटी उघडून एक डिस्क बाहेर काढली होती व तारेने आपल्या लॅपटॉपला जोडली होती. लॅपटॉपच्या पडद्यावर एक लहानशी, अत्यंत विनयशील चौकट आली होती: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे, करावी काय? भाच्याचे बोट होकाराच्या अगदी समीप होते. “मामाजी, हे तं सोताच इचारून रायलं. हो म्हनू का?”

या विनयशील चौकटीने जगात किती संसारांची छायाचित्रे धुऊन नेली असतील, याची गणती करवत नाही. विंडोजच्या यंत्रास लिनक्सच्या पद्धतीने ठेवलेले दप्तर वाचता येत नाही, यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु ‘मला वाचता येत नाही’ असे म्हणण्याऐवजी ते ‘यावर काही लिहिलेलेच नाही’ असा निष्कर्ष काढते, आणि पाटी स्वच्छ करून देण्याची तयारी दाखवते. मोडी न येणाऱ्या एखाद्या नव्या अधिकाऱ्याने इनामाची जुनी सनद हाती घ्यावी आणि कागद पाठकोरा असता तर बरे झाले असते असे म्हणून तिच्यावर चुना लावावयास सांगावे, त्यातलाच हा प्रकार. मी काही न बोलता लॅपटॉपचा माऊस जप्त केला, डिस्क होती तेथे परत बसवली, आणि हुकूम मोडल्याबद्दल भाच्याचा त्या संध्याकाळचा चहा तहकूब ठेवला.

त्या संध्याकाळी ओसरीवर वकीलसाहेबांनी निराळाच मुद्दा काढला. त्यांच्या मते हे सर्व घरगुती खटाटोपाचे फळ होते. मोठ्या कंपन्यांच्या व्यवस्थेत असे घडत नाही. मी त्यांना १९ जुलै २०२४ या तारखेचे स्मरण दिले. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने संगणकांच्या संरक्षणासाठी पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे, खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, जगातील सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले होते आणि काही केल्या सुरू होत नव्हते. रुग्णालये, बँका, विमानतळ ठप्प झाले. आपल्या देशात तर विमानाच्या प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले, आणि सुवाच्य हस्ताक्षराचे दिवस संपले असे म्हणणाऱ्यांना ती एक दिवसापुरती तरी चपराक होती. उपाय काय, तर प्रत्येक यंत्रापाशी जाऊन, त्यास आपत्कालीन रीतीने उठवून, त्यातील एक सदोष फाईल काढून टाकणे. स्वतः भाड्याने दिलेल्या काही यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने आणखी एक अधिकृत सूचना केली होती: यंत्र बंद करून चालू करावे, आणि गुण न आल्यास हा प्रयोग पंधरा वेळांपर्यंत करावा. हे ऐकताच विजेचे कंत्राटदार उठून उभे राहिले. “म्या बी तेच म्हनतो ना! पन आपल्या गावात आपल्या मानसाची किंमत नाई.”

दरम्यान, पेटीवाचून घराचे काय अडले याचा हिशेब मी मांडला होता. सातबारा काही अडला नाही. तो २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह सरकारदरबारातून मिळतो. थोरल्या मुलीच्या लग्नाची छायाचित्रे पुसदच्या व्याह्यांकडे होती, आणि आमच्या प्रतीत जे पाहुणे डोळे मिटून उभे होते ते त्यांच्या प्रतीत डोळे उघडून होते. भजनांचा प्रश्न तर उद्भवलाच नाही. पेटी गात नाही म्हटल्यावर आत्याबाई स्वतः गाऊ लागल्या, आणि सर्व भजने त्यांना मुखोद्गत असून ध्वनिमुद्रणात नसलेली दोन-तीन कडवीही त्यांपाशी आहेत, असा शोध लागला.

मूळ प्रत नाहीशी होणे आणि ती माणसांच्या स्मरणातून पुन्हा उभी राहणे, हा प्रकार वऱ्हाडास अपूर्व नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याच या प्रांतात, रिद्धपुरास, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या अनुयायांना गाठून, विचारून, पडताळून एकत्र केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे खल्जींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती पोथी गेली. महानुभाव मंडळींनी ती आपल्या आठवणींतून पुन्हा लिहून काढली. त्यांत हिराइसा या असामान्य स्मरणशक्तीच्या बाईंनी सांगितलेला पाठ आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. निरनिराळ्या स्मरणांतून अर्थातच निरनिराळे पाठ निघाले, आणि त्यांची रुजुवात घालण्यात विद्वानांच्या पिढ्या खपल्या, वि. भि. कोलते यांनी संपादिलेली प्रत १९७८ साली बाहेर पडली. एका दप्तराच्या पुनःस्थापनेचे काम जेथे सहा-सात शतके चालते, तेथे चिरंजीवांनी मागितलेली मुदत अवाजवी म्हणता येत नाही. आत्याबाईंच्या जादा कडव्यांची मी ‘आत्याबाई-पाठ’ म्हणून स्वतंत्र वहीत नोंद करून ठेवली आहे.

रात्री चिरंजीवांचा फोन आला, आणि चौकशीस आरंभ झाला. त्यांनी प्रथम टीव्हीची तार पेटीस जोडावयास सांगितली, नंतर एक कीबोर्ड. पेटी चालू करताच काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींचा लोंढा आला आणि शेवटी थबकला. मी मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरला. मथितार्थ असा होता, की यंत्रणेचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, तो जागा झाला, आपली स्वतःची मूळ डिस्क त्यास सापडली नाही, आणि त्याने भयभीत होऊन काम सोडले. माझे मन चरकले. चिरंजीव मात्र प्रसन्न झाले. “छान! बाबा, वरच्या ओळी बघा. चारही डिस्क दिसतायत. आपले कागद सगळे जागेवर आहेत.” म्हणजे दालन शाबूत होते; किल्ल्यांचा शिपाई तेवढा बेशुद्ध होता. दोन दिवस ज्या चार डिस्कांवर फॉरमॅट, फ्रीज आणि विंडोज असे त्रिविध प्रयोग करण्यास सारे गाव उत्सुक होते, त्या साफ निर्दोष होत्या.

“आता बंद करा, चालू करा, आणि लगेच एस्केप दाबत राहा.” त्याप्रमाणे केले, आणि एक यादी अवतरली, जी एरवी कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पेटीत प्रत्येक अपडेटबरोबर नवा कर्नेल येतो. परंतु जुने हाकलून न देता यादीत राहू दिले जातात. सर्वांत वर नवा, त्याखाली त्याच्या आधीचा, त्याखाली त्याही आधीचा, अशी ती सेवाज्येष्ठता यादीच होती, फक्त उलट क्रमाने लावलेली. “बाबा, वरून दुसरा निवडा. जुना.” मी निवडला. पांढऱ्या ओळी पुन्हा धावल्या, आणि या वेळी कोठेही न अडता पार गेल्या. नव्या, उमद्या, अद्ययावत अधिकाऱ्यास ज्या कचेरीचे दार सापडले नाही, ती सेवानिवृत्त इसमास पाचारण करताच तत्क्षणी उघडली, हे पाहून मला जे वाटले ते वर्णन करून सांगण्याची गरज नसावी. मी फक्त सौ.कडे पाहिले. तिने फक्त माझ्याकडे पाहिले नाही.

मात्र दाराआड आणखी एक दार होते. पेटी चोरीस गेली तरी आतले कागद कोणास वाचता येऊ नयेत म्हणून चिरंजीवांनी चारही डिस्क सांकेतिक पद्धतीने बंद केल्या होत्या, आणि आता पेटी परवलीचे वाक्य मागत होती. यातही नवे काही नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीत लिहून परक्यांच्या दृष्टीपासून राखले होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिची किल्ली बाहेरच्या अभ्यासकांस गवसेपर्यंत पोथी हाती असूनही कोणास काही उमगत नसे. आमची किल्ली सौ.च्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत, चैत्र महिन्याच्या पानावर, समासात होती. तिने ती एका दमात वाचून दाखवली. त्यात ‘दीड लिटर’ असे शब्द आले, तेव्हा ते परवलीचे की दुधाचे, असा वाद उपस्थित झाला. टाइप केलेले अक्षर पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे पडताळा नाही. दीड लिटरसह पेटीने नकार दिला. दीड लिटर वगळताच टीव्हीवर धाकट्या नातवाचा अंगठा प्रकटला.

राहिला पंचनामा. चिरंजीवांनी पुण्याहून पेटीच्या नोंदी चाळल्या, आणि जो खुलासा बाहेर आला त्याने वीज सन्मानपूर्वक निर्दोष सुटली. कर्नेल ठेवण्यासाठी त्या चिमुकल्या डिस्कवर एक आखूड, स्वतंत्र कप्पा राखलेला असतो. आलेले सर्व जुने कर्नेल तेथेच ठाण मांडून बसल्यामुळे तो काठोकाठ भरला होता. वीज जाण्याच्या पुष्कळ आधी, एका रात्री पेटीने नेमाप्रमाणे आपले आपण अपडेट केले. नवा कर्नेल आला, परंतु दप्तर उघडण्यासाठी त्याच्याबरोबर जी फाईल लागते ती लिहिता लिहिता जागा संपली, आणि ती अर्धवट राहिली. ‘जागा शिल्लक नाही’ अशी नोंदही पेटीने आपल्या रोजकीर्दीत करून ठेवली होती. परंतु नोंद होणे आणि वाचली जाणे या दोन भिन्न प्रक्रिया आहेत, हे कचेरीत काम केलेल्यास सांगावयास नको. पेटी जोवर चालू होती तोवर जुनाच कर्नेल काम पाहत होता, म्हणून कोणास पत्ता लागला नाही. वीज गेली, पेटी नव्याने उठली, आणि नव्यास पदभार घेण्याची वेळ आली तेव्हा प्रकरण उघडकीस आले. विजेने गुन्हा केला नव्हता. तिने फक्त समन्स बजावले होते.

या खुलाशाने मी काहीसा अंतर्मुख झालो. ज्या सेवानिवृत्ताने कचेरी उघडली म्हणून मी सुखावलो होतो, त्याच्याच भाऊबंदांनी खुर्च्या न सोडल्यामुळे ती बंद पडली होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य होत्या, आणि अपिलात जाण्यास वाव नव्हता. चिरंजीवांनी निवाडा केला तोही निष्पक्ष होता. जुने कर्नेल काढले, अर्धवट फाईल नव्याने तयार करवली, यादी नव्याने लिहवली, आणि पेटी पुन्हा एकदा बंद करून, नव्या कर्नेलच्या हातून रीतसर उघडून दाखवली. पीटर क्रोग नामक अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेल्या नेमास अनुसरून, मजकुराच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर, अशी कायमची तजवीजही झाली. घराबाहेरची प्रत पुसदला मुलीकडे असावयाची. आणि अपडेट थांबवावयाचे नाहीत, असेही ठरले. कारण जुन्या यंत्रणेची खिंडारे चोरांना आधी ठाऊक होतात.

गावात या प्रकरणाची जी हकीकत प्रसृत झाली आहे ती निराळी आहे. कंत्राटदारांच्या मते बंद-चालू केल्यानेच पेटी चालली, आणि तसे ते चारचौघांत सांगतात. दुकानातला तरुण म्हणतो की फॉरमॅट मारला असता तर रात्र मोडली नसती. मेहुणे म्हणतात की माजघर गार असल्यामुळे फ्रीजचा गुण आपोआप आला. आत्याबाई काही म्हणत नाहीत. त्यांनी दुसरा नारळ फोडला. मी सर्वांचे दावे दाखल करून घेतले आहेत.

एका बाबीचा खुलासा तेवढा मी चिरंजीवांकडे मागितला. “यापुढे जुने किती ठेवायचे?” “दोन पुरे, बाबा.” “कोणते दोन?” “जे शेवटी नीट चालले होते ते.” “आणि बाकीचे?” “काढून टाकायचे. उगाच जागा अडते.” हे त्यांनी निर्मळ मनाने सांगितले, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बिनतोड आहे. तेव्हापासून दुपारच्या वेळी मी माजघरातील आरामखुर्ची कोणी न सांगता मोकळी करून देतो, जेवण वेळेवर आटोपतो, आणि वर्तमानपत्र वाचून झाल्यावर त्याची घडी घालून ठेवतो. मात्र गावाबाहेर सहसा जात नाही. वळवाचे दिवस आहेत. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि पेटी उठताना यादी काढावी लागलीच, तर वरून दुसऱ्या ओळीत कोणीतरी हजर असलेला बरा.